फी नाही, तरी वकील

वकिलाने वर्षाला अमुक इतके खटले फुकट लढवलेच पाहिजेत, असा नियम भारतात नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा शेहेचाळिसावा नियम एवढेच बजावतो, की ज्याला वकिलाची खरोखर गरज आहे त्याला पुरेशी फी परवडत नसली तरी कायद्याची मदत मिळायला हवी. स्वतःच्या ऐपतीत राहून गोरगरिबांचे काम विनामूल्य करणे हे वकिलाचे समाजाप्रती असलेले मोठे कर्तव्य आहे. मात्र तासांचे बंधन नाही. अमेरिकन बार असोसिएशन वर्षाला किमान 50 तासांची अपेक्षा ठेवते, पण तीही ऐच्छिक. न्यूयॉर्क राज्यात मात्र नव्या वकिलांना सनदेआधी 50 तासांची अशी सेवा करावी लागते.

आपल्याकडे सारे वकिलाच्या मर्जीवर सोडलेले नाही. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गरजू कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळाला पाहिजे. पुढे 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला.

समजा, धुणीभांडी करणाऱ्या बाईंना नवऱ्याकडून पोटगी हवी आहे. त्यांनी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले आरोपी आदींना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नमर्यादा आहे. तिथे सहसा प्रतिज्ञापत्र पुरते. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य दिसले, की समिती पॅनेलवरचा वकील नेमते आणि बाई त्याच्या वकालतनाम्यावर सही करतात. कोर्ट फी, टायपिंग, साक्षीदारांचा खर्च प्राधिकरण सोसते. वकिलाला मानधनही तिथूनच मिळते. पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. कुणी मागितलाच, तर समितीकडे तक्रार करावी. चौकशीसाठी 15100 ही हेल्पलाइन आहे.

म्हणजे पॅनेलवरचे काम पक्षकाराला मोफत असले, तरी वकिलाला ते अगदीच फुकट नसते. निव्वळ विनामूल्य सेवेची गरज पडते ती कलम 12 च्या बाहेर राहणाऱ्यांना. उत्पन्न मर्यादेच्या जरा वर असलेला छोटा दुकानदार अर्जाच्या खिडकीवरूनच परत फिरतो, आणि खासगी वकिलाची फी काही त्याच्या आवाक्यात नसते. त्याच्यासाठी उरतो तो शेहेचाळिसावा नियमच.