शिवण उलटून पाहताना

लेखमाला : साथीतलं घर – लेखांक ६

विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं. उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिस शहरातलं गोरगरिबांचं एक इस्पितळ. टायफसच्या साथीत तिथे रुग्णांची एवढी रीघ लागे, की दाराच्या पायरीवरच माणसं कोसळत. (टायफस म्हणजे आपल्याकडचा टायफॉइड नव्हे, नावं सारखी, आजार अगदी वेगळे.) रुग्णाला आत घेण्याची एक ठरलेली रीत होती. अंगावरचे कपडे उतरवायचे, आंघोळ घालायची, इस्पितळातले स्वच्छ कपडे द्यायचे आणि मगच खाट.

तिथल्या पाश्चर संस्थेचे प्रमुख शार्ल निकोल यांच्या नजरेनं एक गोष्ट टिपली. घरी असताना हाच रुग्ण बायकामुलांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आजार देत होता. इस्पितळाच्या दारात त्याचे कपडे उतरवून घेणारे आजारी पडत, ते कपडे धुणारेही पडत. पण आत, खाटेला खाट लागून असलेल्या वॉर्डात, कुणालाही लागण होत नव्हती. म्हणजे दार आणि वॉर्ड यांच्यामध्ये काहीतरी गळून पडत होतं. मधे होतं काय? साबण, पाणी आणि कपड्यांचं गाठोडं. निकोल यांनी १९०९ मध्ये माकडांवर प्रयोग करून दाखवलं, की टायफस पसरतो तो अंगावरच्या उवांमुळे. त्यासाठी १९२८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

ही ऊ केसांतली नव्हे. ती कपड्यांत राहते, विशेषतः शिवणीत. तिथेच अंडी घालते आणि रक्त प्यायला तेवढी कातडीवर उतरते. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक सदरा उलटा करून शिवणीवरून मेणबत्तीची ज्योत फिरवायचे, ते याच उवांपायी.

साथ आली की घरातला पहिला संशय कपड्यांवर जातो, आणि तो उगीच जात नाही. कापड अंगाला सर्वांत जवळ असतं. घाम, थुंकी, उलटी, सगळं त्यावर उतरतं. प्रश्न असतो तो पुढचा. आजार कापडावरून खरोखर प्रवास करतो का, आणि करत असेल तर नेमका कुठून? ते कळलं नाही तर माणसं नको ते जाळत बसतात आणि हवं ते धुवायचं राहून जातं.

१८८४ च्या सुरुवातीला जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्यात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, शोध घेत होते. एका तळ्याकाठच्या वस्तीत साथ लागली होती, आणि तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचे जंतू सापडले. पिणं, आंघोळ, धुणं, सगळं त्याच पाण्यात चाले. साथीतल्या पहिल्या मृताचे कपडेही तिथेच धुतले गेले होते. कपडे धुणं चुकीचं नव्हतंच. धुण्याची जागा चुकली होती. जुलाब-उलट्यांच्या आजारात हा नियम आजही तसाच लागू आहे. मळलेली चादर विहिरीच्या, बोअरच्या किंवा नळकोंडाळ्याच्या जवळपास धुवायची नाही. आधी त्यावरची घाण संडासात टाकायची, मग चादर वेगळ्या बादलीत भिजवायची.

प्लेगनं तर महाराष्ट्राला कपड्यांची दहशतच घातली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेग-अधिकारी रँडच्या अमलाखाली घरझडत्या सुरू झाल्या. अंथरुणं, गोधड्या, लुगडी रस्त्यावर आली, कितीतरी जाळली गेली. त्या वेळी आजार कसा पसरतो हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. उंदरावरची पिसू माणसाला प्लेग देते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं, ते १८९८ मध्ये. पिसू कपड्यांत दडते, त्यामुळे कपड्यांवरचा संशय अगदीच निराधार नव्हता. पण ज्या घरात एकच गोधडी, त्या घराला ती जळताना पाहायला लावलं, की पुढचं घर ताप आलेला माणूस लपवतं. तसंच घडलं. साथीत गरिबाच्या कपड्याला हात घालताना त्याच्या हाती दुसरा कपडा द्यायला हवा, एवढी साधी गोष्ट तेव्हा राहून गेली.

त्याच प्लेगचं दुसरं रूप १९१०–११ च्या हिवाळ्यात मांचुरियात दिसलं. जंतू तोच, पण तिथे तो फुप्फुसात शिरून खोकल्यातून पसरत होता. हार्बिन शहरी पाठवलेले तरुण डॉक्टर वू ल्येन-तेह यांनी हा आजार श्वासातून जातो हे ओळखलं आणि सुती जाळीच्या घड्यांत कापूस घालून, मागे बांधता येईल असा मुखपट्टा वापरायला लावला. मेनी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. ते मुखपट्टा न लावता रुग्णांत गेले आणि काही दिवसांतच प्लेगनं दगावले. पुण्यात भीती अंगावरच्या कापडाची होती, हार्बिनला तोंडावरच्या कापडानंच जीव वाचवले.

मग आलं २०२०. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले करोनाबाधित सापडले आणि पुढच्या काही आठवड्यांत घरोघरी दाराशी एक बादली आली. भाजी घेऊन आलेला माणूस चपला बाहेर काढी, पिशवी एका कोपऱ्यात ठेवी आणि सदरा-पँट थेट साबणाच्या पाण्यात टाकी. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचं येणं बंद झालेलं. रोजच्या धुण्यात बाहेरचे कपडे, मास्क, हातरुमाल, भाजीच्या पिशव्या यांची भर पडली, आणि तो ढीग बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला आला. दिवसभर साबणात आणि ब्लीचमध्ये राहून बोटांची पेरं पांढरी पडत, नखांच्या कडा फाटत, रात्री खोबरेल चोळलं तरी चुरचुरत. या हातांची नोंद कुठल्याही आकडेवारीत नाही.

या कष्टांतले किती गरजेचे होते? हाँगकाँगच्या संशोधकांनी २०२० मध्येच तपासलं, तेव्हा प्रयोगशाळेत कापडावर टाकलेला करोना विषाणू दुसऱ्या दिवशी जिवंत मिळाला नाही. ७० अंश सेल्सिअसला तो पाच मिनिटांत निकामी झाला. सर्जिकल मास्कच्या बाहेरच्या थरावर मात्र तो सातव्या दिवशीही सापडला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं स्पष्ट केलं, की विषाणू असलेल्या पृष्ठभागाला हात लागला तर त्यातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. आजार पसरत होता तो श्वासावाटे, बंद खोल्यांमधून. त्यामुळे रुग्णाच्या सेवेत नसलेल्या माणसानं बाजारातून आल्यावर हात धुणं महत्त्वाचं होतं. सदरा दुसऱ्या दिवशीच्या धुण्यात टाकला असता तरी चाललं असतं.

रुग्णाच्या चादरी आणि कपड्यांची गोष्ट वेगळी. तिथे काळजी हवीच, आणि तिची पद्धत साधी आहे. कपडे झटकायचे नाहीत, कारण झटकल्यानं चिकटलेलं हवेत उडतं. अंगाशी कवटाळून न नेता पिशवीत किंवा बादलीत घालून न्यायचे. ६० अंशांच्या वर गरम पाणी आणि साबण. मशीन नसेल तर मोठ्या पिंपात भिजवून काठीनं ढवळायचं, आपटायचं नाही, कारण शिंतोडे तोंडावर येतात. मग खळबळून कडक उन्हात वाळत घालायचे. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ कवच असतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं चरबीला, आणि या ओढाताणीत ते कवचच फाटतं. म्हणूनच साधी धुण्याची वडीदेखील पुरेशी होती. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसला हे कवच नसतं. तिथे साबणानं घासून तो वाहून जातो, पण मारायला उष्णता किंवा क्लोरीनच लागतं.

आपल्या परटांना हे जुनं ठाऊक होतं म्हणायचं. साबण-सोडा लावलेले कपडे रचून त्यांना वाफ देणारी भट्टी म्हणजे ओल्या उष्णतेचं निर्जंतुकीकरणच. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर १८९० पासून कपडे धुतले जात आले आहेत. टाळेबंदीत हॉटेलं बंद पडली, सोसायट्यांची दारं परटांना बंद झाली. ज्यांना कापड स्वच्छ कसं करायचं हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत, तेच लोक संशयित ठरले, ही गोष्ट आजही मनाला लागते.

क्लोरीनचा विषय निघालाच आहे, तर तो नीट बोलायला हवा. धुऊन झालेली चादर आणखी सुरक्षित करायची, तर बाजारातल्या साधारण पाच टक्क्यांच्या द्रवरूप ब्लीचचा एक भाग ९९ भाग पाण्यात घालून त्यात अर्धा तास भिजवायची, मग खळबळायची. फक्त पांढरं सुती कापड. रंगीत विटतं, रेशीम आणि लोकर कामातून जातात. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आणि ते माणसाच्या अंगावर तर कधीच नाही. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर, त्यांच्या मुलांवर असंच ब्लीचचं पाणी फवारलं गेलं. अंगावरचे कपडे भिजले, डोळे चुरचुरले. फवारल्यानं शरीरातला विषाणू मरत नाही, उलट इजा होते, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्ये लेखी सांगावं लागलं.

मास्कचं धुणं हा स्वतंत्र धडा. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं मार्च २०२० अखेरीला घरगुती मास्कची जी पुस्तिका काढली, तिच्यात साबण आणि गरम पाण्यानं धुऊन किमान पाच तास कडक ऊन दाखवा, नाहीतर कुकरमध्ये मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, असं सांगितलं होतं. सुती मास्कला ते ठीकच. पण अनेकांनी एन-९५ सुद्धा तसाच धुतला, सॅनिटायझर मारून पुन्हा लावला. त्याच्या मधल्या थराचे धागे विद्युतभारित असतात आणि सूक्ष्म कण त्या भारामुळेच ओढले जातात. साबणानं, अल्कोहोलनं तो भार उतरतो; मास्क दिसायला तसाच राहतो, काम मात्र अर्धवट करतो. तो कागदी पिशवीत हवेशीर ठेवून, चार-पाच मास्क आळीपाळीनं वापरणं हाच शहाणपणाचा मार्ग होता.

डॉक्टर-परिचारिकांच्या पीपीई किटमध्ये पुन्हा प्रश्न आला तो शिवणीचा. कापड कितीही घट्ट विणीचं असो, सुई गेली की तिथे भोक पडतं. म्हणून शिवणीवर उष्णतेनं चिकटवलेली पट्टी लागते. कोइम्बतूरच्या दक्षिण भारत वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत किटच्या कापडातून कृत्रिम रक्त आत झिरपतं का, हे तपासलं जात होतं. ओलावा आत न येऊ देणारं कापड घामही बाहेर जाऊ देत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात सहा-सहा तास पाण्याचा घोट न घेता त्या पोशाखात उभं राहणं काय असतं, हे किट उतरवल्यावर बुटांत साचलेला घाम पाहणाऱ्यालाच कळावं. आतला कपडा मऊ, सुती आणि सैल हवा, हा धडा त्या महिन्यांनी दिला.

घरी झोपून असलेल्या माणसालाही हाच नियम. समोरून उघडणारा सदरा किंवा गाऊन, सैल नाडीचा लेंगा, रुंद बाह्या. सलाइन असो की रक्तदाबाचा पट्टा, बाही वर सरकली पाहिजे. पालथं झोपवायचं असेल तर पोटाशी गाठ नको, छातीशी बटणांची रांग नको. नखांना रंग किंवा मेंदी असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावं.

करोना ओसरला. कपड्यांची म्हणावी अशी साथ मात्र चालूच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही: गजकर्ण. गेल्या दशकभरात भारतात औषधांना दाद न देणारं गजकर्ण झपाट्यानं पसरलं. त्यातल्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं स्वतंत्र नाव मिळालं. दुकानातून आपल्या मनानं आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं हे पसरण्याचं एक मोठं कारण, तर घट्ट, दमट, न वाळलेले कपडे हे दुसरं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात दोरीवरचा कपडा तीन दिवस दमटच राहतो आणि घाई झाली की तसाच अंगात चढतो. एका टॉवेलवर चार जणांचं भागतं.

यावर उपाय त्वचारोगतज्ज्ञांकडेच. पण धुण्याच्या दोरीपाशी बरंच काही आपल्या हातात आहे. बाधित माणसाचे आतले कपडे, टॉवेल, मोजे वेगळे धुवावेत, जमलं तर ६० अंशांच्या पाण्यात. कोमट पाण्यात ही बुरशी तग धरते. पावसाळ्यापुरती जीन्स बाजूला ठेवून सैल सुती कपडे घालावेत. खरूज असेल तर रोज न धुता येणारी गोधडी पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस ठेवावी. माणसाच्या अंगाबाहेर खरजेचा किडा त्याहून जास्त जगत नाही. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवावं आणि वरून कडक इस्त्री फिरवावी. फिरवताना कपडा उलटा करावा, कारण कमरेच्या पट्ट्यात, काखेच्या जोडात, मांड्यांच्या शिवणीत ओल सर्वांत शेवटी सुकते.

(पुढील लेखांकात : साथीतलं पिण्याचं पाणी)