दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक लढाया आणि रसदीचा प्रश्न (१९४२-१९४४)

बीजसंज्ञा : दुसरे महायुद्ध, निर्णायक लढाई, रसद, स्टॅलिनग्राड, इंफाळ-कोहिमा, बंगालचा दुष्काळ.

प्रस्तावना :

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि दुसऱ्या महायुद्धास प्रारंभ झाला. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा सोव्हिएत रशियात शिरल्या, तर ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिका युद्धात उतरली. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य कॉकेशसच्या दिशेने सरकत होते आणि जपानने ब्रह्मदेश जिंकून भारताची पूर्व सीमा गाठली होती. त्यानंतरच्या वर्षभरात मात्र युद्धाचे पारडे फिरले. या बदलाचे श्रेय सामान्यतः सेनापतींचे कौशल्य व सैनिकांचे शौर्य यांना दिले जाते. ते अयोग्य नसले तरी अपुरे आहे. पानिपतच्या रणांगणावर उतरण्यापूर्वीच मराठा फौजेची रसद तुटली होती, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. हाच निकष विसाव्या शतकातील यांत्रिक युद्धास कितपत लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. १९४२ ते १९४४ या काळातील निवडक निर्णायक लढायांचा आढावा घेणे.
२. या लढायांच्या निकालातील रसदीचे स्थान तपासणे.
३. युद्धकालीन पुरवठा-व्यवस्थेचा नागरी जीवनावर झालेला परिणाम भारताच्या संदर्भात पाहणे.

मिडवे आणि एल अलामेन :

जून १९४२ मधील मिडवेच्या लढाईत जपानने अकागी, कागा, सोर्यू व हिर्यू या चार विमानवाहू नौका गमावल्या. अमेरिकेने यॉर्कटाउन ही एक गमावली. जपानी नौदलाची सांकेतिक लिपी अंशतः उलगडल्यामुळे हल्ल्याचे ठिकाण अमेरिकेला आधीच कळले होते. म्हणजे या लढाईचा निकाल मुख्यतः गुप्तवार्ता व अचूक वेळ यांनी ठरविला, रसदीने नव्हे. परंतु त्या निकालास जे कायमचे स्वरूप आले ते उत्पादनक्षमतेमुळे. अमेरिकेच्या गोद्यांतून १९४३ पासून नव्या विमानवाहू नौका एकामागून एक बाहेर पडू लागल्या. जपानला आपली हानी त्या वेगाने भरून काढता आली नाही.

उत्तर आफ्रिकेत ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२ मध्ये मॉन्टगोमेरीच्या आठव्या सेनेने एल अलामेन येथे रोमेलचा पराभव केला. या सेनेत चौथी भारतीय डिव्हिजनही होती. रोमेलचे इंधन भूमध्य समुद्र ओलांडून येत असे आणि माल्टा बेटाच्या आधाराने ब्रिटिश विमाने व पाणबुड्या त्याची जहाजे बुडवीत होत्या. उलट ब्रिटिश सैन्याचा तळ इजिप्तमध्ये अगदी पाठीशीच होता.

स्टॅलिनग्राड आणि इंफाळ : दोन वेढ्यांची तुलना

व्होल्गाकाठच्या स्टॅलिनग्राडमध्ये १९४२ च्या उत्तरार्धात घराघरांतून लढाई झाली. १९ नोव्हेंबर रोजी सोव्हिएत सैन्याने शहरावर समोरून नव्हे, तर जर्मनांच्या बगलांवर प्रतिहल्ला चढविला. तेथे तुलनेने दुर्बल अशी रुमानियन सैन्ये होती. चार दिवसांत जर्मन सहावी सेना वेढली गेली. विमानांद्वारे रसद पोहोचविण्याचे आश्वासन गोअरिंगने दिले. गरज किमान ३०० टनांची असताना दररोज सरासरी सुमारे १०० टनच माल पोहोचला. डिसेंबरअखेर तात्सिन्स्काया येथील विमानतळावर सोव्हिएत रणगाडे धडकले आणि ही व्यवस्थाही कोलमडली. २ फेब्रुवारी १९४३ रोजी प्रतिकार संपला. सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले. त्यांपैकी जेमतेम पाच-सहा हजार मायदेशी परतले.

सुमारे वर्षभराने भारताच्या ईशान्य सीमेवर वेढ्याचा असाच प्रसंग उद्भवला. मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुची याच्या नेतृत्वाखाली जपानी पंधरावी सेना चिंदविन नदी ओलांडून इंफाळ व कोहिमा यांवर चालून आली. आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही या मोहिमेत सहभागी होत्या. सांगशाक येथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनसह भारतीय छत्रीधारी ब्रिगेडने जपान्यांना काही दिवस रोखून धरले. मार्चअखेर इंफाळचा रस्ता तुटला. तरीही तेथील सैन्य उपाशी राहिले नाही, कारण दोस्तांचे आकाशावर वर्चस्व होते, चालू धावपट्ट्या हाती होत्या आणि मालवाहू विमाने इतर मार्गांवरून येथे वळविण्यात आली होती. या वेढ्यात भुकेची झळ बसली ती वेढा घालणाऱ्यांनाच. जपानी सैनिकांनी सुमारे तीन आठवड्यांचाच शिधा बरोबर घेतला होता. पुढचा भार शत्रूची कोठारे काबीज करण्यावर होता. ती हाती न आल्याने जनरल सातो याने वरिष्ठांचा आदेश झुगारून कोहिमाहून माघार घेतली. २२ जून रोजी कोहिमा-इंफाळ रस्ता खुला झाला. मोहिमेवर निघालेल्या जपानी सैन्यापैकी निम्म्याहून अधिक सैनिक मृत, जखमी अथवा व्याधिग्रस्त झाले.

या तुलनेतून असे दिसते की, वेढा पडणे म्हणजे पराभव नव्हे. पुरवठ्याची हमी केवळ शब्दांत आहे की विमाने, धावपट्ट्या व अंतर यांच्या हिशेबात बसते, यावर निकाल अवलंबून असतो.

रसदीची दुसरी बाजू :

मात्र रसदीचा विचार रणांगणापाशी थांबविणे योग्य ठरणार नाही. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडल्याने तेथून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून ब्रिटिश प्रशासनाने बंगालच्या किनारी भागातील तांदळाचे साठे हलविले आणि हजारो नावा जप्त अथवा नष्ट केल्या. लष्कर व युद्धोपयोगी उद्योगांना अन्नपुरवठ्यात अग्रक्रम मिळाला, भाव भडकले, आणि १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे अनेक अभ्यासक मानतात. स्टॅलिनग्राडच्या विजयाचे ते वर्ष बंगालच्या खेड्यांत उपासमारीचे वर्ष होते.

निष्कर्ष :

१. एल अलामेन, स्टॅलिनग्राड व इंफाळ-कोहिमा येथील निकालांमध्ये रसदीचा वाटा निर्णायक होता. मिडवे येथे तो अप्रत्यक्ष, उत्पादनक्षमतेच्या रूपाने दिसतो.
२. महायुद्धाची कलाटणी एका लढाईत शोधण्यापेक्षा ती दीर्घकालीन प्रक्रिया मानणे अधिक सयुक्तिक होय.
३. ज्या पुरवठा-व्यवस्थेने लढाया जिंकल्या, तिचाच भार वसाहतीतील सामान्य जनतेवर पडला. त्यामुळे निर्णायक लढायांच्या अध्यापनात बंगालच्या दुष्काळास स्वतंत्र टिपेचे नव्हे, तर मुख्य कथनातील स्थान मिळणे आवश्यक आहे.