तळघरातला न दिसणारा पाहुणा

१९८४ सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथे अणुवीज केंद्र उभे राहत होते. तेथे स्टॅन्ली वाट्रास नावाचे इंजिनिअर कामाला होते. बाहेर पडणाऱ्या माणसाच्या अंगाला किरणोत्सर्गी धूळ लागली असेल तर घंटा वाजवणारी यंत्रे केंद्राच्या दाराशी होती. वाट्रास आले की घंटा वाजे. कारण काही सापडेना. शेवटी एके दिवशी सकाळी कामावर येताच ते थेट त्या यंत्रातून गेले, आणि घंटा वाजलीच! केंद्रातून अजून वीजही निघाली नव्हती. म्हणजे ही धूळ घरूनच येत होती.

बॉयरटाऊन गावाजवळच्या वस्तीत त्यांचे साधेसुधे घर होते. तिथली हवा मोजली तर एका लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन. आज अमेरिकन सरकार ४ पिकोक्युरीलाच उपाय करा म्हणते. बायकामुलांसह वाट्रास यांना घर सोडावे लागले. नवलाची गोष्ट पुढेच आहे. शेजारच्या घरात मात्र तसे काही आढळले नाही. एकाच विहिरीच्या दोन अंगांना गोडे आणि मचूळ पाणी लागावे, तसाच हा जमिनीच्या पोटातला प्रकार.

हा रेडॉन आहे तरी काय? काही खडकांत युरेनियम असते. ते झिजता झिजता रेडियम होते आणि रेडियमपासून हा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. उघड्यावर तो वाऱ्याबरोबर विरून जातो. पण थंडीच्या मुलखात घरे गच्च बंद, खाली तळघर. आतली ऊबदार हवा वर चढते आणि चुलीच्या धुराड्यासारखी ओढ लागून जमिनीतली हवा फटींतून आत येते. रेडॉनपासून होणारे कण धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात. तेथे वर्षाला सुमारे २१,००० माणसे यापायी फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात, असा सरकारी अंदाज आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी अधिक.

आपल्याकडे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, हे जाणत्यांना सांगायला नको. तिथला वायू वेगळा आणि तो तिथल्या तिथे जीव घेतो. रेडॉन वर्षानुवर्षे गुपचूप काम करतो. आपला दख्खनचा काळा पाषाण युरेनियमच्या बाबतीत गरीब, आणि घरांना तळघरे क्वचितच. तेव्हा वाचकांनी उगाच धास्ती घेऊ नये. पण खिडकी-झरोका बुजवून घर बांधण्याची नवी हौस मला तरी पटत नाही. चुलीच्या धुरासाठी तरी झरोका हवाच.

उपाय मोठा खटाटोपाचा नाही. जमिनीतल्या फटी बुजवायच्या, फरशीखाली नळी घालून ती छपरावर काढायची आणि पंख्याने खालची हवा ओढून बाहेर सोडायची. वाट्रास यांच्या घरी खालची जमीन खणून काम करावे लागले. १९८५ च्या जुलैत कुटुंब परत राहायला आले.

तेव्हापासून तिकडे घर घेताना रेडॉनचीही विचारपूस होते. कोळशाची लहानशी डबी दोन-चार दिवस दारे-खिडक्या लावून खालच्या खोलीत ठेवतात आणि मग प्रयोगशाळेला धाडतात.