कोणत्या कामाला कोणती आच?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की पांढुर्णा आणि सौंसरच्या शिवारात पऱ्हाट्या उपटायला सुरुवात होते. मोळ्या बांधून त्या घरी येतात आणि घरामागे सांदवाडीत त्यांचा ढीग रचला जातो. शेजारी तुराट्या, संत्र्याच्या झाडांवरून काढलेली सल आणि उन्हाळ्यात थापून वाळवलेल्या गोवऱ्या असतात. या सरपणासाठी दुकानात जावं लागत नाही. छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या २०२३ च्या नव्या पांढुर्णा जिल्ह्यात हे दोन्ही तालुके आहेत. इथल्या खेड्यांत एकाच घरात मातीची चूल, गॅसची शेगडी आणि अलीकडे इंडक्शन अशी तिन्ही साधनं नांदतात. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनं सिलिंडर गरीब घरांपर्यंत पोचवला, पण त्यामुळे चूल विझली नाही. सिलिंडर भरून आणायला रोख पैसे लागतात. पऱ्हाटीला बाईमाणसाचे कष्ट लागतात आणि त्यांचा हिशेब घरात कोणी मांडत नाही.

म्हणून ‘कोणती शेगडी घ्यावी?’ या प्रश्नाचं उत्तर मला दुकानातल्या काचेच्या चकचकीत शेगड्यांपाशी सापडत नाही. घरात दोन-तीन साधनं राहणारच असतील, तर त्यांच्यात कामं कशी वाटायची हे ठरवायला हवं. त्यासाठी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. एक, प्रत्येक साधनातली उष्णता भांड्यापर्यंत किती आणि कशी पोचते. दुसरी, धूर छातीत किती जातो.

पहिलीसाठी पाच लिटर पाणी घेऊ. ते २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण १,५७० किलोज्यूल उष्णता लागते, साधन कोणतंही असो. साध्या चुलीत जळणातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा ते पंधरा टक्के भांड्याला मिळते. बाकीची भिंतींना, हवेला आणि धुराला जाते. त्यामुळे एवढ्या पाण्यासाठी पाऊण ते एक किलो वाळकी पऱ्हाटी जळते. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकाप्रमाणे निदान ६८ टक्के असावी लागते. घरातल्या वापरात ती थोडी कमीच धरली, तरी पन्नास-पंचावन्न ग्रॅम गॅसमध्ये काम होतं. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के उष्णता भांड्यात उतरते आणि अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज लागते. हाच हिशेब पुढे नेला, तर १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर जेवढं शिजवतो, तेवढं शिजवायला इंडक्शनला सुमारे १४० युनिट लागतील. आपल्या बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर १४० नं गुणावा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी ठेवावा. आपल्या घराला कोणतं स्वस्त पडतं, ते दोन ओळींत कळतं.

चूल या हिशेबात स्वस्त दिसते. तिची खरी किंमत धुरात आहे, आणि धुरापाशी मला जास्त थांबायचं आहे.

लाकूड किंवा काडी जळते असं आपण म्हणतो, पण वाळक्या काडीच्या वजनाचा सुमारे पाऊण भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो आणि ज्वाळा त्या वायूची असते. त्या वायूला पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि पुरेसा वेळ मिळाला तर तो पूर्ण जळतो. थंड भांड्याच्या बुडाला आपटला किंवा हवा कमी पडली, की न जळताच धूर होऊन निघतो. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळणच आहे. पऱ्हाटी आणि तुराटी बारीक असल्यानं भराभर पेटतात आणि भराभर संपतात. दर थोड्या वेळानं नवी मूठ सारावी लागते आणि प्रत्येक मुठीबरोबर धुराचा नवा लोट उठतो. पावसाळ्यात ओलसर काडीतलं पाणी आधी वाफ होऊन निघतं, त्यात आच मंदावते आणि फुकणी हातातून सुटत नाही.

हा धूर किती असतो, ते कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या चार गावांत मोजलं. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासातल्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम कण होते. ते सगळ्या आकारांचे कण होते. आज आपण फुप्फुसात खोल जाणारे पीएम २.५ हे बारीक कण वेगळे मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेची त्यांची २४ तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ६०.

आता साधा भागाकार करू. चूल पेटलेली असताना स्वयंपाकघरात बारीक कण फक्त ५०० मायक्रोग्रॅम धरू. चुलीच्या मानानं हा आकडा सौम्य आहे. अशी चूल दिवसात एकच तास पेटली आणि उरलेले तेवीस तास हवा अगदी स्वच्छ राहिली, तरी दिवसाची सरासरी जवळजवळ २१ येते. सकाळ-संध्याकाळ एकेक तास पेटली तर ४२. म्हणजे वरण-भात, भाजी, चहा सगळं गॅसवर नेलं आणि फक्त भाकरी आतल्या चुलीवर ठेवली, तरी आरोग्य संघटनेची मर्यादा मोडते. त्यात धुराच्या धोक्याची रेषा सरळ नाही. हृदयविकाराच्या बाबतीत ती सुरुवातीला उभी चढते आणि पुढे सपाट होत जाते. त्यामुळे खूप धुराचा निम्मा धूर झाला तरी धोका निम्मा होत नाही. मोठा फायदा शेवटचा थोडा धूर जाण्यात आहे. गॅस आला, आता चूल थोडीच पेटते, एवढ्यावर समाधान मानणं मला म्हणूनच पटत नाही.

चूलच सुधारावी हा विचार या भागाला जुना आहे. शेजारच्या वर्ध्यात मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चाले. तिथलं नाव घेऊन १९४७ च्या सुमारास धुराडं असलेली मगन चूल पुढे आली. पुढे हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा प्रचार केला. १९८३ पासून केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची लक्ष्मी चूल महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत बसली. हे सगळं मनापासून केलेलं काम होतं. तरी ओडिशातल्या गावांमध्ये चार वर्षं चाललेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला, नंतर फरक उरला नाही. धुराडं काजळीनं भरतं, चूल तडकते, आणि लिंपायला व साफ करायला वेळ कोणाला असतो? शिवाय नेमून दिलेल्या तोंडाच्या चुलीत हातभर लांब पऱ्हाटी नीट बसत नाही, ती मोडून घालावी लागते. मोडायचं कामही पुन्हा त्याच बाईच्या वाट्याला येतं.

मग भाकरीचं काय? चुलीवरच्या भाकरीची चव म्हणजे मनाचे खेळ, असं मी म्हणणार नाही. तिच्यात भौतिकशास्त्र आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते. उकळत्या पाण्यात मळल्यानं त्यातला स्टार्च फुलतो आणि पीठ जेमतेम थापण्यापुरतं धरून राहतं. तव्यावर दोन्ही बाजूंना पातळ पापुद्रा आला की भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यासमोर उभी करतात. निखाऱ्यातून अवरक्त किरण सरळ भाकरीवर पडतात, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा सुटून भाकरी फुगते. गॅसची निळी ज्वाळा पुष्कळ गरम असते, पण तिच्यात चमकणारे काजळीचे कण जवळजवळ नसतात, म्हणून ती किरणांनी उष्णता कमी देते. ती गरम वायूच्या स्पर्शानं भाजते. त्यामुळे गॅसवर भाकरी जाळीवर थेट ज्वाळेत धरावी लागते, ती फुगते, पण कुठे करपते, कुठे पांढरी राहते. जाड बिडाचा तवा चांगला तापवून घेतला आणि दुसरी बाजू जाळीवर पटकन फिरवली, तर फरक बराच कमी होतो.

विदर्भातली लांब पोळी मात्र गॅसला दाद देत नाही. हातांवर झुलवून पसरलेली ती पातळ कणीक पालथ्या मडक्यावर टाकतात. मडक्याच्या पोकळीत ज्वाळा सगळीकडून फिरली पाहिजे, तरच घुमट सारखा तापतो. गॅसचं कडं एकाच जागी भाजतं. इंडक्शनला तर मडकं दिसतही नाही. त्या काचेखालच्या वेटोळ्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र लोखंडी बुडात भोवरी प्रवाह निर्माण करतं आणि बूडच तापतं. मातीत प्रवाहच वाहत नाही. अॅल्युमिनियम आणि पितळेत वाहतो, पण रोध इतका कमी असतो की पुरेशी उष्णता होत नाही. घरातली भांडी इंडक्शनला चालतील का, हे बुडाला लोहचुंबक लावून कळतं. घट्ट चिकटला तर चालेल.

इंडक्शनवर दूध, चहा, भात, वरण, कुकरचं सगळं काम उत्तम होतं. सौंसर तालुक्यातल्या बोरगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांच्या घरी पहाटेच्या डब्यासाठी ते सोयीचं आहे. फक्त २,००० वॅटचं यंत्र जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह ओढतं. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड तार हवी, एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावू नये. गॅसची शेगडी घेताना बर्नर तीन की चार, वर काच की स्टील, यानं गॅस वाचत नाही. आयएसआय खूण आणि असल्यास ऊर्जाबचतीचे तारे पाहावेत. ज्वाळा निळी आणि भांड्याच्या बुडाच्या आत राहावी. पिवळी दिसू लागली की बर्नरची भोकं साफ करावीत.

लांब पोळी, पोळ्याच्या सणाचा मोठा स्वयंपाक आणि लग्नातली भट्टी चुलीवरच राहू दे, पण अंगणात, मोकळ्या हवेत. निखारे मात्र कधीही बंद खोलीत आणू नयेत. धूर थांबलेला दिसला तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो आणि त्याला वास नसतो.

राहिलं आंघोळीचं पाणी. स्वयंपाक गॅसवर गेलेल्या घरातही पाण्याची चूल थंडीभर पेटते, बरेचदा स्वयंपाकघराच्या दाराशीच. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला गॅस सुमारे ७० ग्रॅम लागतो. चौघांच्या घरात फक्त आंघोळीवर एक सिलिंडर पन्नास दिवसांत संपेल, म्हणून कोणी तसं करत नाही आणि ते बरोबरच आहे. विजेच्या रॉडला एका बादलीला सहा दशांश युनिटाच्या आसपास वीज पुरते, आणि गच्चीवरच्या सौर बंबाला थंडीतल्या स्वच्छ उन्हात तीही लागत नाही. घरात आधी नवी शेगडी आणायची की आधी पाण्याची सोय करायची असं विचारलं, तर मी पाण्याची सोय आधी सांगेन. तोवर पाण्याची चूल दारापासून आणि शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब न्यावी, आणि पऱ्हाट्यांचा ढीग ताडपत्रीखाली कोरडा ठेवावा.