आठवण एकीकडे, हाताचं वळण दुसरीकडे

मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा. शाळेत पाठ केलं, मार्क मिळाले, विषय संपला! मला मात्र मेंदूचं वेड लावलं ते हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाने.

१९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. (कानाच्या आतल्या अंगाला, घोडमाशासारखा दिसणारा भाग.) फिट्स कमी झाल्या, पण नवीन आठवण काही साठेना. रोज भेटणारी डॉक्टरमंडळीसुद्धा त्याला अनोळखी!

मग मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला कागदावरची चांदणी गिरवायला दिली, तीही फक्त आरशात बघून. घरी करून बघा, पेन्सिल भलतीकडेच पळते. तीन दिवसांत हेन्रीचा हात सफाईदार चालू लागला. त्याच्या लेखी मात्र ते काम दर वेळी नवंकोरंच! कारण हाताला वळण लावणारे भाग वेगळे. बेसल गँग्लिया त्यातलाच एक.

हेन्री २००८ साली गेला. त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून ठेवलेत.