आधी वॉर्ड दाखवा, मग फी भरा

बारावीचा निकाल आणि खरिपाची पेरणी आपल्याकडे मागेपुढेच येते. घरात पैसा कमी आणि निर्णय जास्त, असे ते दिवस. गेल्या जूनमध्ये बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासायची, हे दाखवायला एका गावी गेलो होतो. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे 100 दाणे मांडून झाले, तेवढ्यात ओळखीच्या एका अण्णांनी बाजूला घेतलं.

"साहेब, पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणतोय. पुण्याला चौकशी केली. म्हैस विकली तर पहिल्या वर्षाचं भागतंय. घालू का?"

"तिनं दवाखाना आतून बघितलाय का?"

"बघितलाय की. आजी ॲडमिट होती तेव्हा रोज डबा घेऊन जायची."

मंडळी, डबा घेऊन जाणं वेगळं आणि रात्री दोन वाजता म्हातारीचं अंथरूण बदलणं वेगळं. 100 दाणे तपासल्याशिवाय आपण एकरभर पेरत नाही. मग पोरीची तीन-चार वर्षं आणि गोठ्यातली म्हैस मात्र न तपासता पणाला का लावायची?

माझ्याच नात्यातली गोष्ट सांगतो. मावसबहिणीच्या मुलीला गुण चांगले, म्हणून नर्सिंगला घातली. चार महिन्यांत भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग बघून जी घरी आली, ती परत गेलीच नाही. फी बुडाली, वर्ष गेलं आणि घरच्यांची बोलणी पोरीला खावी लागली. पण चूक तिची नव्हती. काम कसलं आहे, हे तिला आधी कुणी दाखवलंच नव्हतं.

आता दुसरी बाजू. आमच्या ओळखीची एक मुलगी बारावीनंतर थेट शहरातल्या एका छोट्या दवाखान्यात कामाला लागली. पांढरे कपडे मिळाले, लोक सिस्टर म्हणू लागले, सलाईनसुद्धा लावायला शिकली. चार वर्षं झाली, पण हातात कागद नाही. कौन्सिलची नोंदणी नाही म्हणून कायम नोकरी नाही. उद्या सुई चुकली तर रुग्णाचा जीव धोक्यात आणि जबाबदारी हिच्या गळ्यात.

म्हणजे नुसता प्रवेश घेऊन भागत नाही आणि नुसता अनुभव घेऊनही भागत नाही. दोन्ही लागतात, आणि तेही क्रमानं.

पुण्याची जुनी वाट

हे शिक्षण खाटेजवळच मिळतं, हे पुण्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. विधवा आणि गरजू स्त्रियांना परिचारिका करायचं, तर शिकवायचं कुठं? ससून रुग्णालयातच. चांगल्या घरच्या बाईनं परक्या रुग्णाला हात लावायचा, याला त्या काळी मोठा विरोध होता. तरी बायका वॉर्डात उभ्या राहिल्या, शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या झाल्या.

पुढं रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी हेच काम गावाकडं नेलं. शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात गावातल्याच माणसांना आरोग्याची प्राथमिक कामं शिकवली. या कामाबद्दल 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की पहिला धडा गावातही गिरवता येतो.

गावात काय करता येईल?

सुट्टीतले तीन-चार आठवडे पुरेत. ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर पालकांची लेखी संमती द्या. परवानगी मिळाली की मुलीनं लसीकरणाच्या दिवशी बाळांची वजनं, नावं लिहिणं, मातांना बोलावणं यात हातभार लावावा. आशाताईंबरोबर गरोदर बायांच्या घरी फिरावं. जमल्यास नात्यातल्या रुग्णाजवळ एखादी रात्र दवाखान्यात काढावी. रात्रपाळी म्हणजे काय, ते त्यातून कळतं.

काय करू नये, हेही सांगतो. इंजेक्शन, सलाईन, गोळ्या देणं, वापरलेल्या सुया उचलणं यातलं काहीही करायचं नाही. "शिकून घे, सोपं आहे," असं कुणी म्हटलं तरी नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कुणाच्या आजाराची गोष्ट पारावर येता कामा नये. गावात एक शब्द फुटला तर बाई पुन्हा केंद्रात पाऊल टाकत नाही. ज्या पोरीला हे सांभाळता येतं, तिनं निम्मी नर्सिंग शिकल्यासारखीच आहे.

रोज संध्याकाळी पोरीला दोन प्रश्न विचारा. आज काय बघितलं? उद्या जावंसं वाटतंय का?

मग कागद

प्रवेशासाठी हा अनुभव सक्तीचा नाही. तो आपल्या निर्णयासाठी आहे. एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा. हे दोन्ही बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून करता येतात, मात्र जीएनएमला इंग्रजी विषय आणि किमान 40 टक्के गुण लागतात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला शास्त्र शाखा लागते. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते स्वतः बघा. आणि संस्थेला विचारा, मुलींना वॉर्डात शिकायला कोणत्या रुग्णालयात नेता? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या. सहा महिन्यांत नर्स करतो म्हणणाऱ्याच्या तर दारातही थांबू नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे. असं पत्र द्यायला एक कागद लागतो. दरवर्षी गावातल्या दोन-तीन मुलींना, आणि मुलांनाही, ही संधी मिळवून द्या.

अण्णांची पोरगी आरोग्य केंद्रात गेली. पहिल्याच दिवशी जखमेतला पू बघून चक्कर आली. अण्णा मला म्हणाले, "संपलं बघा." मी त्यांना त्या गोणपाटाची आठवण दिली. 100 पैकी 64 दाणे उगवले होते, 70 हवे होते. आपण बियाणं फेकलं नाही, एकरी थोडं वाढवून पेरलं. सिस्टरनं पोरीला बाहेर बसवून पाणी दिलं आणि "उद्या ये," म्हणाल्या. ती गेली. चार आठवडे रोज गेली.

त्यानंतरच अण्णांनी म्हैस बाजारात नेली.