सोबत न्यायाच्या वाटेवर

लैंगिक अत्याचाराची फिर्याद नोंदवली गेली, आरोपी गजाआड झाला, की समाजाच्या लेखी प्रकरण मिटते. अत्याचारग्रस्त बालकाची खरी परवड मात्र तेथूनच सुरू होते. पोलिसांचा जबाब, वैद्यकीय तपासणी, दंडाधिकाऱ्यांपुढील निवेदन आणि त्यानंतर न्यायालयात पडणाऱ्या तारखा. आईवडील आधीच खचलेले असतात. कित्येकदा आरोपी घरातला वा शेजारचाच असतो. अशा वेळी कुटुंबाबाहेरचे, परंतु विश्वासाचे एक माणूस शेवटपर्यंत सोबत असावे, ही गरज कायद्यानेही ओळखली आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच ‘पोक्सो’ कायदा आणि त्याखालील २०२० चे नियम यांनुसार पोलिसांनी २४ तासांच्या आत प्रकरण बालकल्याण समितीला कळवावे लागते. बालक व पालक यांच्या संमतीने समिती साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. कायद्याच्या भाषेत तिला ‘सपोर्ट पर्सन’ म्हणतात. हे काम बालहक्क क्षेत्रातील संस्थेचा कार्यकर्ता करू शकतो. ही सोबत बालकावर लादता येत नाही. नको असल्यास कारण न देताही ती थांबवण्याची विनंती करता येते. ही तरतूद कागदावरच राहू नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये राज्यांना निर्देश दिले.

या व्यक्तीने नेमके करायचे काय? पहिले काम भीती घालवण्याचे. सुनावणीपूर्वी न्यायालयाचे दालन दाखवावे, न्यायाधीश कोठे बसतात, वकील कोण, हे समजावून सांगावे. वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात, मध्येच विश्रांती मागता येते, साक्षीच्या वेळी आरोपी समोर दिसणार नाही याची काळजी घेतली जाते, या गोष्टी आधी कळल्या तर बालकाचा धीर वाढतो. पुढील तारखेची माहिती देणे, समुपदेशकाशी गाठ घालून देणे, राज्यात २०१३ पासून सुरू असलेल्या ‘मनोधैर्य’ योजनेच्या अर्थसाहाय्यासाठी कागदपत्रे जमवण्यास मदत करणे, हीदेखील त्यातलीच कामे.

काय करू नये, हे मात्र अधिक कठीण. ‘नेमके काय झाले?’ हा प्रश्न साहाय्यकाने विचारू नये. पुन्हा पुन्हा सांगताना जखम नव्याने उघडी पडते; शिवाय बालकाला पढवून आणले, असा आक्षेप उलटतपासणीत घेतला जातो. बालक आपणहून बोलले, तर शांतपणे ऐकावे. त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत. ‘त्याला शिक्षा होणारच’ असे आश्वासनही देऊ नये. निकाल वेगळा लागला, तर बालकाला वाटते की आपल्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही. बालकाची ओळख गुप्त ठेवणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे.

हे काम उत्साहाच्या भरात स्वीकारण्याजोगे नाही. खटला दखल घेतल्यापासून शक्यतो वर्षभरात निकाली निघावा, असे कायदा सांगतो; प्रत्यक्षात अनेकदा त्याहून अधिक काळ जातो. दोन तारखांना येऊन तिसरीला न फिरकणारा स्वयंसेवक बालकाच्या मनातील अविश्वास वाढवतो. दुसऱ्याचे दुःख सतत ऐकून साहाय्यकाचेही मन शिणते, झोप उडते. त्यामुळे प्रशिक्षण आणि अनुभवी सहकाऱ्याशी नियमित बोलणे आवश्यक ठरते.

प्रत्येकानेच साहाय्यक व्यक्ती व्हावे असे नाही. संस्थेच्या मार्गदर्शनाखाली आईसोबत रुग्णालयात थांबणे, न्यायालयापर्यंत ने-आण करणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, ही मदतही मोलाची असते. दडपण आणि एकटेपणा यांमुळे कुटुंबे माघार घेतात, साक्षीदार फितूर होतात. न्यायालयाबाहेरच्या बाकावर मुकाट्याने शेजारी बसलेले माणूस म्हणूनच महत्त्वाचे. साक्ष बालकालाच द्यायची असते. तिथवर त्याने एकट्याने चालू नये, एवढे समाजाच्या हाती नक्कीच आहे.